कूलर, बंटी आणि एकशे बारा

नागपुरात मार्चअखेरीस माळ्यावरून कूलर उतरतो, त्याला नव्या ताट्या लागतात, पंप बादलीत बुडवून चालतो का ते पाहिलं जातं आणि त्या दिवसापासून घर बहिरं होतं, ते थेट जूनमधल्या पहिल्या बऱ्यापैकी पावसापर्यंत. पुण्याहून आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी हमखास विचारतो, तुम्ही सगळे एवढं ओरडून का बोलता? आम्हाला ते ओरडणं वाटतच नाही. दाराची बेल, कुकरची शिट्टी, कचरागाडीचं गाणं, सगळं त्या घरघरीत बुडून जातं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

माझी आत्या पडली ती अशाच दिवसांत, भर दुपारी. प्रतापनगरकडच्या जुन्या ले-आउटमध्ये तिचं घर आहे. पुढे अंगण, मागे संत्र्याचं एक हट्टी झाड, आणि मधल्या सहा खोल्यांत ती एकटी. बाथरूमच्या उंबऱ्यावर ओला पाय घसरला, सावरायला तिनं हात पुढे केला आणि मनगट मोडलं. या वयात अनेकांचं हेच होतं. हाडं ठिसूळ झालेली असतात आणि अंगाचा सगळा भार तळहातावर येतो. फोन पुढच्या खोलीत दिवाणावर होता. आत्या आधी "आई गं" म्हणाली, मग तिनं कामवाल्या बाईला हाक मारली, मग शेजारच्या बंटीच्या आईला. तिच्या घरात कूलर चालू, बंटीच्या घरातही कूलर चालू. मध्ये एकदा फोन वाजला. तिला वाटलं, आपल्यातलंच कुणीतरी असेल, उचलला नाही तर काळजीनं येईल. नंतर पाहिलं तर तो लोन पाहिजे का विचारणाऱ्या कंपनीचा होता. दुपारच्या भांड्यांना बाई आली आणि मागचं दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून ती आत जाऊ शकली. हे मागच्या दाराचं लक्षात ठेवा, त्यावर मला पुढे बोलायचं आहे.

प्लॅस्टर बसल्यावर सल्ल्यांचा पूर आला. तिचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणाला, पडलेलं ओळखणारं घड्याळ घेऊन देतो. आत्या म्हणाली, "घड्याळ घालून मी काय ऑफिसात जाऊन राहिली?" शेवटी असं ठरलं की जो फोन आहे त्यालाच हाक मारायला शिकवायचं, आणि हे काम माझ्याकडे आलं, कारण मी मनीषनगरात राहते आणि घरात "मोबाईलमधलं कळणारी" अशी माझी विनाकारण ख्याती आहे.

हात निकामी झालेल्या माणसाला आवाजानं फोन लावता यावा, ही कल्पना मुळात फार चांगली आहे. आयफोनवर सिरी ही आवाजी मदतनीस आली २०११ साली. गूगल असिस्टंट २०१६ चा, आणि २०१८ पासून त्याला मराठी येऊ लागलं. आता त्याची जागा हळूहळू गूगलचाच जेमिनी घेत आहे. आतली रचना साधारण अशी: फोन सतत फक्त एका ठरावीक हाकेची वाट पाहत असतो, आणि ती हाक ओळखण्याचं काम फोनमध्येच होतं. हाक पटली की पुढचं बोलणं तो ऐकतो, आणि ते समजून घ्यायला बऱ्याच फोनना इंटरनेट लागतं. म्हणजे दोन दारं ओलांडायची. पहिल्या दारावर तुमचा आवाज ओळखीचा आहे का ते बघतात. दुसऱ्यावर तुम्ही काय म्हणालात ते.

आत्याच्या फोनमध्ये पहिल्याच दारावर अडलं. ती बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवते. पंखाही ती माणूस उठला की बंद करते, त्याच स्वभावाचा हा भाग. पण बॅटरी सेव्हर चालू असला की बऱ्याच फोनमध्ये हाक ऐकणारा कानच बंद होतो. काही स्वस्त फोन स्क्रीन काळी झाली की ऐकत नाहीत. काही ऐकतात, पण लॉक असताना "आधी फोन उघडा" म्हणतात, आणि ते सेटिंगमध्ये जाऊन वेगळं मोकळं करावं लागतं. ही सगळी कुलपं चांगल्या हेतूनंच घातलेली आहेत, दुसऱ्या कुणी आपला फोन बोलता करू नये म्हणून. फक्त जमिनीवर पडलेल्या माणसाला ती एकेक करून उघडायला वेळ नसतो.

मग आवाजाची ओळख. आत्या चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. फोन म्हणाला, ही वाक्यं म्हणा, तर तिनं खुर्चीत ताठ बसून पाठांतर घेतल्यासारखी ती म्हटली. फोनला तो आवाज पाठ झाला. पण पडलेल्या माणसाचा आवाज तो नसतो. म्हणून मी तिला म्हटलं, बाथरूममध्ये स्टुलावर बस, मान खाली घाल आणि दुखत असल्यासारखं बोल.

"नाटक करू का आता या वयात?"

"कर ना आत्या. घरात पाहायला कोण आहे?"

कूलर तीनवर ठेवला. फोन त्याच्या नेहमीच्या जागी, दिवाणावर. मी फोनजवळ उभी. आतून आत्याचा आवाज मला कसाबसा आला, फोनला आलाच नाही. कूलर एकवर आणला, तरी नाही. फोन पॅसेजमध्ये, फ्रिजवर नेऊन ठेवला तेव्हा त्याचा दिवा लागला, आणि आत्या तेवढ्यात "ओके गूगल" म्हणून थांबण्याऐवजी सवयीनं म्हणाली, "ओके गूगल, अगं बाई ऐकलं का, जरा तो बंटी आहे ना, त्याला..." फोननं काही क्षण विचार केला आणि बंटी-बबली सिनेमाची माहिती काढून दिली.

हसलो आम्ही दोघी. पण त्यातून कळलं ते उपयोगाचं होतं. फोन अंगावर हवा, म्हणून तिनं जुन्या खणाची एक गळ्यात घालायची पिशवी शिवली (प्लॅस्टर निघाल्यावर; तोवर सेफ्टी पिनेनं गाऊनला अडकवलेली पिशवी होती). आणि वाक्य छोटं हवं, आदेशासारखं.

आदेशाचंही सरळ नव्हतं. "बंटीला फोन लाव" म्हटल्यावर फोननं विचारलं, कोणता बंटी? आणि स्क्रीनवर यादी दाखवली. बंटी शेजारचा, बंटी गॅस, बंटी वायरमन आणि एक नुसताच बंटी, जो कोण हे आत्यालाही आठवेना. नागपुरात प्रत्येक घराला एक बंटी असतो, त्याचा हा परिणाम. जी बाई जमिनीवर पडली आहे, जिचा चश्मा बेसिनखाली गेला आहे, तिला फोन यादी वाचून दाखवत विचारणार, की कोणता? आम्ही बसून सगळ्या बंटींचं बारसं केलं. गॅसवाला झाला गॅसवाला, वायरमन झाला वायरमन, अनोळखी बंटी काढून टाकला. आता फोनमध्ये एकच बंटी आहे. आवाजी मदतनिसाच्या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फरक कशानं पडला असेल तर या अर्ध्या तासानं. आणि हो, चाचण्या आम्ही बंटीवरच केल्या. ११२ (कुठल्याही आपत्तीत मदत मागायचा नंबर) किंवा १०८ (रुग्णवाहिका) ला "चालतं का पाहू" म्हणून फोन लावू नये. तिकडे त्या वेळी कुणाची तरी खरी लाइन अडते.

१०८ वरून आठवलं. काही वर्षांपूर्वी, २०१७ च्या आसपास, परदेशात पोरांमध्ये एक थट्टा पसरली होती. सिरीला "१०८" म्हणा, डोळे मिटा आणि गंमत बघा. गंमत अशी, की १०८ हा आपल्याकडचा रुग्णवाहिकेचा नंबर आहे हे सिरीला ठाऊक होतं, आणि ती जिथे असेल तिथला आपत्कालीन नंबर लावायला घ्यायची. काही सेकंद उलटे मोजून थेट फोन. अमेरिकेतल्या पोलिसांना लोकांना आवर्जून सांगावं लागलं की बाबांनो, हे करू नका. मला यातलं तंत्र फार आवडलं. कुठल्या तरी अमेरिकन गावातल्या मुलाला मराठी माणसाचा नंबर म्हटल्यावर त्याच्या गावची मदत मिळत होती. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. ११२ आपल्या राज्यात २०२१ ला सुरू झाला, आणि त्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईला असलं तरी दुसरं केंद्र इथे, नागपुरातच आहे. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तर जवळच आहे," जणू तिथून कुणीतरी सायकलवर येणार होतं.

पण मूळ अडचण निराळीच आहे. पडल्यावर, भाजल्यावर, छातीत कळ आल्यावर आपण आदेश देत नाही. आपण "आई गं" म्हणतो, "मेलो" म्हणतो, "धावा रे" म्हणतो. शेजारच्या माणसाला तेवढं पुरतं. त्याला कुणाला बोलवायचं, कुठे न्यायचं, हे सांगावं लागत नाही. यंत्राला दोन्ही सांगावं लागतं, आणि तेही त्याचं नाव आधी घेऊन.

२०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तेव्हाच्या चार आवाजी मदतनिसांसमोर संशोधकांनी साधी, माणूस बोलेल तशी वाक्यं टाकली. मला हार्ट अटॅक येतोय, माझ्यावर अत्याचार झाला, माझं डोकं दुखतंय. सिरीनं शारीरिक त्रास बऱ्यापैकी ओळखला आणि मदतीचा नंबर सुचवला, पण हार्ट अटॅक आणि पाय दुखणं तिच्या लेखी जवळपास सारखंच होतं. बाकीच्या तिघांना शारीरिक त्रासाचं वाक्य कळलंच नाही. "माझं डोकं दुखतंय" यावर सॅमसंगच्या एस व्हॉइसचं एक उत्तर होतं, "ते तुमच्या खांद्यांवर आहे." अत्याचाराच्या वाक्यावर योग्य हेल्पलाइन फक्त एकानं दिली. त्यानंतर ही यंत्रं खूप सुधारली, आताची तर गप्पाही मारतात. तरी आपत्तीत त्यांनी माझ्या बोलण्याचा अर्थ लावावा यावर मी विसंबणार नाही. मी नाव घेईन, त्यानं फोन लावावा, एवढाच करार.

हा करार लहान मुलं मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात. २०१७ च्या मार्चमध्ये लंडनच्या क्रॉयडन भागातल्या एका चार वर्षांच्या मुलाची गोष्ट पोलिसांनी ध्वनिमुद्रणासह जाहीर केली होती. आई बेशुद्ध पडली होती. त्यानं तिचा अंगठा फोनवर टेकवून लॉक उघडलं आणि सिरीला ९९९, म्हणजे तिकडचा आपत्कालीन नंबर, लावायला सांगितलं. ऑपरेटरला तो म्हणाला की आई मेली आहे, कारण तिचे डोळे मिटलेले आहेत आणि ती श्वास घेत नाही. मदत पोहोचली, प्रथमोपचार झाले, आई वाचली. त्याला भीड नव्हती. कुणाला त्रास होईल, दुपारची वेळ आहे, लोक झोपले असतील, हे काही त्याच्या मनात आलं नाही.

आत्याच्या मनात फक्त तेच येतं. "एवढ्याशासाठी अँब्युलन्स बोलवायची का बाप्पा? लोक काय म्हणतील, दारात गाडी उभी पाहून?" ती पडली होती तेव्हाही, बाईला सापडल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "आधी भांडी घासून घे, मग पाहू." या भिडेवर कुठल्याही कंपनीनं अजून सेटिंग काढलेलं नाही. म्हणून तिच्यासाठी पहिला फोन १०८ ला ठेवलाच नाही, बंटीला ठेवला. बंटीला त्रास द्यायला तिला काही वाटत नाही. तो लहान असताना त्याला पाढे तिनंच पाठ करून घेतले होते. पुढचं १०८ तो लावेल.

आणि त्याला पत्ताही सांगता येईल. नागपूरच्या ले-आउटचा पत्ता हा एक स्वतंत्र विषय आहे. प्लॉट नंबर असतो, त्यापुढे कुठल्या तरी गृहनिर्माण सोसायटीचं नाव असतं, ते नाव पोस्टमन सोडून कुणाला माहीत नसतं. प्लॉट ३१ च्या शेजारी ३२ असेलच असं नाही, ३२ दुसऱ्या गल्लीत मंदिरामागे निघतो. म्हणून आपण सांगतो, हनुमान मंदिरावरून डावीकडे, पाण्याच्या टाकीजवळ, निळं गेट. कोणतं हनुमान मंदिर? असा प्रश्न फोनवर पलीकडून आला की संपलं. फोन लावून देणारा मदतनीस आपण होऊन तुमचा पत्ता बोलेल असं धरून चालू नका. आत्याच्या फ्रिजवर आता मोठ्या अक्षरात कागद आहे: प्लॉट नंबर, जवळचा चौक, रिंग रोडवरून कसं वळायचं, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं. बाईलाही तो वाचता येतो, हे मी तिच्याकडून एकदा वाचून घेतलं.

हा सगळा उद्योग करताना २०२३ च्या सप्टेंबरमधली ती रात्र माझ्या डोक्यातून जात नव्हती. २३ तारखेच्या पहाटेपर्यंत काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं. लोक झोपेत होते. वीज गेली, म्हणजे वायफाय गेलं, आणि चार्जिंगला लावलेले फोन कुठे तळमजल्याच्या पाण्यात, कुठे अर्ध्या बॅटरीवर. तिथे आवाजी मदतनीस कुणाच्या कामी आला असेल? लोक गच्चीवरून एकमेकांना हाका मारत होते. एका मूकबधिर शाळेतल्या चाळीस मुलांना त्या दिवशी बचाव पथकानं सुखरूप बाहेर काढलं. ती बातमी वाचल्यापासून "आता फक्त बोला, बाकी आम्ही पाहतो" या धाटणीच्या जाहिराती मला सहन होत नाहीत. बोलता न येणारा, ऐकू न येणारा, जीभ जड झालेला, उन्हानं भ्रम झालेला माणूस या योजनेत बसतच नाही. पक्षाघातात वाचा जाऊ शकते. उष्माघातात माणसाला आपलं काही बिघडलंय हेच कळत नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

आणि जिला बोलायची चोरी आहे ती? मारणारा नवरा समोर उभा असताना "ओके गूगल, पोलिसांना फोन लाव" कोण म्हणेल? तिच्यासाठी बटणच बरं. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाईलना आपत्कालीन बटणाची सोय सक्तीची आहे. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं, साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, असा तो नियम. काही फोनमध्ये दाबायची संख्या वेगळी असते, ती आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये आधीच बघून ठेवावी. मुलीला, सुनेला, घरकामाच्या बाईला हे दाखवायला दोन मिनिटं लागतात. मी आत्याच्या बाईला दाखवलं तेव्हा तिनं काही विचारलं नाही, फक्त "पुन्हा एकदा दाखवा" म्हणाली.

तर आता आत्याची घडी बऱ्यापैकी बसली आहे. फोन गळ्यात असतो, देवपूजेच्या वेळी तेवढा खुंटीला. मला भेटल्यावर ती गूगलची चौकशी सुनेची करावी तशी करते, आज ऐकलं त्यानं, काल नाही ऐकलं. एकदा टीव्हीवर कुणीतरी बंटीला हाक मारली आणि तिला वाटलं आता फोन लागणार. लागला नाही, पण बंटीला मात्र तिनं तो किस्सा सांगायला फोन केलाच, तोंडानं, जेवणाच्या वेळी. तो येतो, बिचारा. दोनदा तर चप्पल न घालताच धावत आला, दोन्ही वेळा मिक्सर उघडत नव्हता.

उरलंय ते दार. बंटी धावत आला तरी पुढच्या चॅनेल गेटला आतून कुलूप, लाकडी दाराला कडी आणि वर खिटी. त्या दुपारी मागचं दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून निभावलं, पण तेव्हापासून आत्या मागच्या दारालाही कडी घालते, कारण पडून असताना तिच्या मनात म्हणे सारखं येत होतं, चोर आला असता तर? चॅनेल गेटची एक किल्ली तिनं खूप घासाघीस करून बंटीच्या आईकडे दिली. लाकडी दाराची कडी काढून बाहेरूनही उघडेल असं लॅच बसवू म्हटलं, सुतार पाठवला, तर तिनं त्याला चहा पाजून परत पाठवला. "नवऱ्यानं लावलेली कडी आहे," म्हणते. त्यावर मी काय बोलणार. मुलाला न्यू जर्सीहून बोलायला लावलं आहे, आणि सुताराला पुढच्या आठवड्यात परत बोलावलं आहे.